पगार रेल्वेचा, खेळ बास्केटबॉलचा

२९ जुलै २०१७ रोजी बेंगळुरूच्या श्री कंठीरवा स्टेडियममध्ये भारताच्या मुलींनी कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं आणि महिला आशिया कपच्या ‘ब’ गटाचं विजेतेपद मिळवलं. दोन गुण म्हणजे एक साधी बास्केट. तेवढ्या फरकानं भारत वरच्या ‘अ’ गटात, जपान आणि चीनच्या पंगतीला जाऊन बसला. अनिता पॉलदुराई चेन्नईची, दक्षिण रेल्वेत नोकरीला. पी. एस. जीना केरळची, तिथल्या राज्य वीज मंडळाची खेळाडू. पुण्याची शिरीन लिमयेही त्या संघात होती. भारताचं कर्णधारपद भूषवलेली ही आपली मराठी मुलगी. देशाला एवढं मोठं यश मिळवून देणाऱ्या या मुलींसाठी त्या दिवशी भारतात पगार देणारी बास्केटबॉलची एकही महिला लीग नव्हती.

अमेरिकेत खेळाडूच्या हाती करार पडतो. आपल्याकडे नियुक्तीपत्र पडतं. त्यावर मूळ वेतन असतं, महागाई भत्ता असतो, परिविक्षेचा काळ असतो. कोर्टवर किती मिनिटं मिळतील, याचा त्यात उल्लेख नसतो. तरीही भारतात बास्केटबॉलवर घर चालवलेल्या बायकांचा इतिहास लिहायचा झाला तर तो या नियुक्तीपत्रांचाच इतिहास असेल. या नोकऱ्यांना कमी लेखणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही. नोकरी आहे म्हणून खेळ मागे पडला, असं मला वाटत नाही. नोकरी देणारे फार थोडे आहेत, दुखणं तिथं आहे.

मुंबईच्या उपनगरांत हे दुखणं फार लवकर सुरू होतं. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, कुठलंही स्टेशन घ्या. मुलगी पाचवी-सहावीत शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर चेंडू आपटायला लागते. उंची थोडी बरी असली की पीटीच्या बाई तिला रिंगखाली उभं करतात आणि रिबाउंड घ्यायला शिकवतात. मग जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या, म्हणजे डीएसओच्या मॅचेस येतात; जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण, चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे गट. शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यातच सुरू होतो आणि उपनगरांतली बहुतेक कोर्टं उघडी. ओल्या सिमेंटवर वळताना बूट घसरतो किंवा घट्ट धरून बसतो, आणि गुडघ्याला दोन्ही वाईट. उडी मारून उतरताना, झटकन दिशा बदलताना गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतं. क्रीडावैद्यकात हे आता वादापलीकडचं आहे. पालिकेची मोठी क्रीडासंकुलं आहेत. अंधेरीचं शहाजीराजे भोसले संकुल आहे, मुलुंडचं प्रियदर्शिनी इंदिरा गांधी संकुल आहे. पण रहिवाशांच्या तोंडी त्यांची ओळख आधी पोहण्याच्या तलावामुळे.

दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. गुण मिळाले की अनेक घरांत हिशेब पूर्ण होतो. आई-वडिलांना दोष देणं सोपं आहे. मला ते करवत नाही. मुलीच्या पुढच्या दहा वर्षांचं काय, या त्यांच्या प्रश्नाला खेळाच्या जगाकडे धड उत्तर नाही.

हा खेळ मुलींच्या वाट्याला पहिल्यापासूनच कुंपणासकट आला. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथं जेम्स नेस्मिथनं वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत पीचच्या टोपल्या टांगून तो सुरू केला. पुढच्याच वर्षी जवळच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेनसन या शिक्षिकेनं तो मुलींना शिकवला, पण नियम बदलून. कोर्टचे तीन भाग पाडले आणि प्रत्येकीनं आपल्याच भागात राहायचं. दुसरीच्या हातातला चेंडू हिसकावायचा नाही. बेरेनसनचं धाडस मोठंच होतं. त्या काळी मुलींनी धावावं हेच अनेकांना रुचत नव्हतं. पुरुषांचा बास्केटबॉल १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकमध्ये आला. बायकांचा यायला १९७६ चं माँट्रियल उजाडावं लागलं.

मुंबईत या खेळाची पंढरी म्हणजे नागपाडा. १९२७ मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्यानं तिथं नागपाडा नेबरहुड हाउस उभं केलं. याच जागेत १९३६ मध्ये समाजकार्याचं शिक्षण देणारी टाटांची संस्था सुरू झाली. आज तिला आपण टिस म्हणतो आणि ती देवनारला आहे. नेबरहुड हाउस आणि मस्तान वायएमसीएच्या आसपास बास्केटबॉल गल्लीत मुरला. शाळा सुटलेला, कामाला लागलेला मुलगाही संध्याकाळी कोर्टवर येऊ शकत होता. मुलींच्या नशिबी ती गल्ली नव्हती. त्यांचा बास्केटबॉल कॉन्व्हेंट शाळांच्या आणि कॉलेजांच्या आवारात वाढला आणि फाटकाशी थांबला. पदवीचा शेवटचा पेपर झाला की कोर्टही सुटलं, अशी कथा उपनगरातल्या किती घरांत सांगता येईल!

या फाटकाबाहेर हमखास उभी असायची ती रेल्वे. रेल्वेच्या क्रीडा मंडळाची मुळं १९२८ पर्यंत मागे जातात. मुंबईत पश्चिम रेल्वेचं मुख्यालय चर्चगेटला, मध्य रेल्वेचं सीएसएमटीला. अंधेरी-बोरिवली एका मार्गावर, घाटकोपर-मुलुंड दुसऱ्यावर. ज्या लोकलच्या लेडीज डब्यात मुलगी चेंडूची पिशवी मांडीवर घेऊन सरावाला जाते, तीच रेल्वे तिची मालक होऊ शकते. खेळाडू कोट्याची जाहिरात निघते, ट्रायल्स होतात, कामगिरीप्रमाणे पद ठरतं. स्पर्धा आणि शिबिरांसाठी विशेष रजा मिळते, पदक आलं तर बढतीचा रस्ता उघडतो. विभागीय रेल्वेंचे संघ आपसांत भिडतात आणि त्यांतून निवडलेला भारतीय रेल्वेचा एकच संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरतो.

सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे तिशी-पस्तिशीत गुडघे थकले तरी ही नोकरी साठीपर्यंत चालते. जगातल्या फार थोड्या लीग खेळाडूला इतकी हमी देतात. लग्न ठरताना, घराचं कर्ज काढताना, मूल झाल्यावर कामावर परतताना या हमीचं मोल कळतं. गरीब आणि मध्यमवर्गीय घरांतल्या शेकडो मुलींना रेल्वेनं खेळत ठेवलं. त्याबद्दल कृतज्ञता आधी, तक्रार नंतर.

तक्रार अशी. रेल्वेत गेलेली मुलगी राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेकडून खेळते, म्हणजे महाराष्ट्राचा टी-शर्ट उतरवते. उपनगरातल्या कोचनं दहा वर्षं घासून तयार केलेली पॉईंट गार्ड एक दिवस महाराष्ट्राविरुद्धच उभी ठाकते. सगळ्या राज्यांतून अशी वेचलेली फळी एका संघात आली की वर्षानुवर्षं तोच संघ वरचढ राहतो, आणि बाकीच्यांच्या वाट्याला मुली घडवण्याचं काम तेवढं उरतं. राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत, म्हणजे नॅशनल गेम्समध्ये, रेल्वेचा वेगळा संघ नसतो. तिथं याच मुली पुन्हा आपापल्या राज्याच्या रंगात दिसतात, आणि राज्यांकडे खरंच किती बळ आहे ते कळतं.

केरळनं यावर उपाय काढला. तिथल्या वीज मंडळानं मुलींना नोकऱ्या दिल्या, संघ बांधला. खेळाडू घरच्या घरी राहिल्या आणि केरळ रेल्वेला झुंज देणाऱ्या संघांत गेला. दिल्लीत एमटीएनएल या सरकारी दूरध्वनी कंपनीनं तेच केलं होतं. वाराणसीच्या सिंह भगिनींपैकी दिव्या, प्रशांती आणि आकांक्षा या दिल्लीत एमटीएनएलमध्ये आल्या आणि त्यांच्यामुळे दिल्लीचा संघ दबदब्याचा झाला. प्रशांतीला २०१७ मध्ये अर्जुन पुरस्कार, २०१९ मध्ये पद्मश्री. त्याच २०१९ मध्ये तोट्यात रुतलेल्या एमटीएनएलनं कर्मचाऱ्यांसाठी मोठी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली. ज्या कंपनीलाच माणसं कमी करायची आहेत ती नव्या बास्केटबॉलपटू कुठून घेणार? एकाच मालकाच्या आधारावर उभा असलेला खेळ त्या मालकाच्या ताळेबंदाबरोबर वर-खाली होतो.

परदेशचा रस्ताही कुणी चोखाळला नाही असं नाही. केरळची गीतू अॅना जोस, सहा फूट दोन इंच, दक्षिण रेल्वेचीच खेळाडू. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या रिंगवुड क्लबकडून ती खेळली. एप्रिल २०११ मध्ये डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिला लीगच्या शिकागो, लॉस एंजेलिस आणि सॅन अँटोनिओ या तीन संघांनी तिला ट्रायलला बोलावलं. निवड झाली नाही. त्या वेळी ती पंचविशीत होती. त्या उंचीची अमेरिकन मुलगी तोवर कॉलेजच्या चार हंगामांत शंभरावर कडव्या लढती खेळून झालेली असते. गीतूमध्ये काय कमी होतं असं मला विचाराल तर मी मॅचेस म्हणेन.

आणि डब्ल्यूएनबीए म्हणजे सोन्याची खाण, हाही समज काढून टाकायला हवा. १९९७ मध्ये आठ संघांनिशी सुरू झालेल्या या लीगचा पाया एनबीएच्या पैशानं घातला. तरीही तिच्या मोठमोठ्या खेळाडू वर्षानुवर्षं हिवाळ्यात रशिया, तुर्कस्तान, चीनला जाऊन खेळत राहिल्या. डायना टॉरासीनं २०१५ चा अमेरिकेतला हंगामच सोडला, कारण रशियातला क्लब कितीतरी जास्त पैसे देत होता. ब्रिटनी ग्राइनरला फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर अटक झाली आणि डिसेंबरमध्ये सुटका. तीही तिथल्या क्लबकडे खेळायला निघाली होती. २०२४ मध्ये अमेरिकेला वेड लावणाऱ्या केटलिन क्लार्कचा लीगमधला पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर होता. जाहिरातींचे पैसे वेगळे, पण ते अशा एखाद-दुसरीलाच.

मग शिकायचं कुणाकडून? माझं उत्तर जपान आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानच्या मुलींनी रौप्यपदक जिंकलं. अंतिम सामन्यात अमेरिकेकडून ९०-७५ अशी हार. उंचीत तो संघ स्पर्धेतल्या बुटक्या संघांपैकी एक होता. त्यांची महिला लीग प्रामुख्यानं कंपन्यांच्या संघांची आहे: एनिओस, फुजित्सु, टोयोटा, डेन्सो. म्हणजे पाया आपल्यासारखाच, नोकरी देणाऱ्या मालकाचा. फरक इतकाच की तिथं डझनभर मालक आहेत, आणि त्यांचे संघ महिनोन् महिने एकमेकांशी खेळतात. आपल्या मुली नोकरीनंतर शिबिरात जातात, एक-दोन स्पर्धा खेळतात आणि पुन्हा शिबिरात. २०१७ ला मिळवलेला ‘अ’ गट टिकला नाही तो यामुळेच, असं मला वाटतं. २०१९ मध्ये बेंगळुरूला आणि २०२१ मध्ये अम्मानला भारत आठांत आठवा आला आणि पुन्हा ‘ब’ गटात उतरला.

मुंबईला कंपन्यांचे संघ नवे नाहीत. टाइम्स शील्ड ही कार्यालयांची क्रिकेट स्पर्धा इथली. महिंद्र, भारत पेट्रोलियम यांच्या कबड्डी संघांवर लोकांनी जीव टाकला. विक्रोळीत गोदरेज, कांजूरमार्गला क्रॉम्प्टन, भांडुपला जीकेडब्ल्यू, कांदिवलीत महिंद्र. उपनगरांचा हा कारखान्यांचा पट्टा कामगार क्रीडेचं माहेरघर होता. पण त्या मैदानांवर बायका जवळजवळ नव्हत्याच, आणि त्यांची पाळी येण्याआधी बरेचसे भोंगे थांबले, जागेवर टॉवर आले.

लीगचा प्रयोग बायकांच्या वाट्याला आला तो चाचणीसारखा. २०१६ मध्ये महिला कबड्डी चॅलेंज झालं, तीन संघांचं; आपल्या अभिलाषा म्हात्रेनं त्यातल्या आइस दिवाजचं नेतृत्व केलं. पुढच्या वर्षी ते परत आलंच नाही. पैसा आणि चिकाटी लावली तर काय होतं ते क्रिकेटनं दाखवलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात झालेल्या महिला प्रीमियर लीगच्या लिलावात स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाख मिळाले, आणि भांडुपला लहानपण गेलेल्या जेमिमा रॉड्रिग्जला २ कोटी २० लाख. जेमिमा शाळेत असताना महाराष्ट्राकडून हॉकीही खेळायची.

बास्केटबॉलला इतका पैसा लागणारही नाही. टोकियोपासून ऑलिंपिकमध्ये आलेला थ्री-बाय-थ्री हा प्रकार अर्ध्या कोर्टवर, एका रिंगवर चालतो. दहा मिनिटं किंवा एकवीस गुण, यांतलं जे आधी होईल ते. २०१३ मध्ये दोह्याला या प्रकाराची पहिली आशियाई स्पर्धा भारताच्या मुलींनीच जिंकली होती. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत या संघात नागपूरची सिया देवधर होती. जागेची टंचाई असलेल्या उपनगरांना अर्ध कोर्ट परवडतं. कित्येक शाळांत आणि सोसायट्यांत ते आहेही. संघ चौघींचा: तीन कोर्टवर, एक राखीव. म्हणजे चार पगार, एक कोच, एक फिजिओ आणि पावसात छप्पर. महावितरण, महापालिका, बेस्ट, अंधेरीतली एखादी औषध कंपनी, मुलुंड-घाटकोपरमधले बिल्डर यांनी एकेक संघ घेतला तर आठ संघांना लागतील बत्तीस नोकऱ्या. अंधेरी आणि मुलुंडच्या पालिका संकुलांत शनिवार-रविवारी त्यांच्या मॅचेस लावता येतील, आणि महाराष्ट्राचा टी-शर्ट उतरवायची वेळ त्या बत्तीस जणींवर येणार नाही.