गंजिफा
गंजिफा : वर्तुळाकार पानांचा एक जुना बैठा खेळ. दशावतारी गंजिफ्यात प्रत्येक अवताराचा एक असे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा आकडी पाने, अशी एकूण १२० पाने असतात. तिघांना प्रत्येकी ४० पाने वाटतात. दिवसा रामाचा व रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल, तो प्रथम उतारी करतो. आकडी पानांचा श्रेष्ठताक्रम पाच रंगांत दहापासून एकाकडे, तर उरलेल्या पाचांत नेमका उलटा असतो. हुकूम नसल्याने वरची पाने खेळून गेली, की हलके पानही त्या रंगात अजिंक्य ठरते. म्हणून गेलेली पाने ध्यानात ठेवणे हेच या खेळातील मुख्य कौशल्य होय. ही पाने सावंतवाडीस हाताने रंगवितात.