बिट्टीची बी हृदयाची वीज कशी बिघडवते?

जोगेश्वरीत आमच्या सोसायटीच्या कुंपणाला बिट्टीचं झाड आहे. महादेवाला वाहतात ती पिवळी फुलं, आणि खाली पडलेल्या बिट्ट्यांनी खेळणारी पोरं. झाड विषारी आहे हे सगळे ऐकून असतात. पण ते विष नेमकं करतं काय?

आपल्या स्नायूंच्या पेशींच्या आवरणात 'सोडियम पंप' असतात. पंप एका फेरीत सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे २ आत घेतो. दोन्ही धनभारित, म्हणजे दर फेरीला एक धनभार जास्तीचा बाहेर. त्याचा थेट परिणाम मोजक्याच मिलिव्होल्टचा. खरं काम पुढे आहे. आत साठलेलं पोटॅशियम आवरणातल्या वाटांनी थोडं थोडं बाहेर झिरपतं आणि पेशीची आतली बाजू बाहेरपेक्षा सुमारे ९० मिलिव्होल्टने ऋण राहते. ही चार्ज केलेली बॅटरीच समजा. ती उतरली की स्नायू इशारा नीट पाळत नाही.

बिट्टीतली द्रव्यं हाच पंप अडवतात. पेशीत सोडियम साचतं, पाठोपाठ कॅल्शियम वाढतं, रक्तातलं पोटॅशियम चढू शकतं. मग हृदयाचे ठोके चुकतात.

गंमत अशी, की डिजॉक्सिन हे हृदयाचं औषधही हाच पंप अडवतं, फक्त अगदी मोजून! पंप १९५७ साली डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी शोधला. नोबेल मिळालं थेट १९९७ला.

मुलानं बिट्टीची बी चावली, तर घरगुती उपाय करत बसू नका. ते खेळत-हसत असलं तरी लगेच रुग्णालयात न्या. ठोके काही तासांनीही बिघडू शकतात, म्हणून डॉक्टर ईसीजीवर लक्ष ठेवतात.