मुंबई ते लंडन : अंतर किती, वेळ किती?

आमच्या परिचयाचे एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांची मुलगी डिसेंबरात लंडनहून यायची होती. विमान तिकडून रात्री नऊला सुटणार, प्रवास नऊ तासांचा. गुरुजींनी हिशेब केला, पहाटे सहाला मुंबई! सहा वाजले, आठ वाजले, दहा वाजले, फोन नाही. घरात चूल पेटली नाही. अन् खरे पाहता विमान त्या वेळी आकाशात अगदी वेळेवर चालले होते.

चूक कोठे झाली? हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असते. तिकडे रात्रीचे नऊ, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे अडीच. त्यात नऊ तास मिळवा, म्हणजे साडेअकरा. उन्हाळ्यात तिकडची घड्याळे एक तास पुढे सारतात. तेव्हा फरक साडेचार तासांचा राहतो.

आता अंतराचे पाहू. मुंबई-लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. शिक्षकबंधूंनी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून ते मोजू नये. पृथ्वीचा गोल घ्यावा आणि दोन गावांमध्ये दोरा ताणून धरावा. नकाशावरची सरळ रेघ इराणच्या आखातावरून, इराकवरून जाते. दोरा मात्र उत्तरेला सरकतो. तो इराण, कास्पियन समुद्राचे दक्षिण टोक, कॉकेशस आणि युक्रेन यांवरून जातो. जवळची वाट तीच. पण वाट जवळची म्हणून मोकळी असतेच असे नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटले आणि युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. अशा वेळी वळसा पडतो, बरे का!

जेट विमान ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास जाते. मग आठच तास का लागत नाहीत? एक तर वळसे. दुसरे, वर दहा-बारा किलोमीटरवर, आपल्या उत्तरेच्या प्रदेशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. लंडनला जाताना तो तोंडावर येतो, परतताना पाठीशी. नावाड्याला हे सांगायला नको. म्हणून जायला साधारण दहा तास, यायला नऊ.

मुलांना एक गणित घालावे. मुंबईहून सकाळी सातला निघालेले विमान दहा तासांनी, हिवाळ्यात, लंडनच्या साडेअकराला उतरते. घड्याळ म्हणते, साडेचार तास! येताना रात्री नऊ ते दुसऱ्या दिवशी साडेअकरा, म्हणजे साडेचौदा. दोन्हींची बेरीज एकोणीस. निम्मे केले की घड्याळाचा घोळ आपोआप निघून जातो आणि साडेनऊ तास हाती येतात.

एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघाले. कैरो आणि जिनिव्हा येथे उतरत ते १० जूनला लंडनला पोचले. तेव्हा ती फार मोठी गोष्ट वाटली, आणि होतीही.

गुरुजींच्या मुलीचा फोन दुपारी साडेबाराला आला. पारपत्र तपासून सामान मिळेपर्यंत तेवढा वेळ जातोच. पुढे रात्रीची एस.टी. धरून ती गावी पोचली दुसऱ्या दिवशी सकाळी. मुंबईपासून गावापर्यंतच्या प्रवासाला तिला विमानापेक्षा जास्त तास लागले.