नुसती सही नको, तपासणी हवी

वयाच्या ४० नंतर वाहन परवान्याचे नूतनीकरण करायचे तर आरटीओला ‘फॉर्म १-ए’ हे वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते. पंचावन्नी उलटली की परवाना ५-५ वर्षांनीच वाढतो. म्हणजे ज्येष्ठांची या कागदाशी पुन्हा पुन्हा गाठ पडते. २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा रंग ओळखतो का, रातांधळेपणा आहे का, असे त्यातले साधे प्रश्न. अर्जदाराला मी स्वतः तपासले आहे, असे डॉक्टर त्यावर लिहून देतात. प्रत्यक्षात अनेकदा एजंटच सही-शिक्का आणून देतो. वेळ वाचतो खरा. पण वाढता मोतीबिंदू वेळीच कळण्याची संधीही जाते.

याच्या उलटही घडते. बाबांना ‘अनफिट’ लिहा, असे घरचेच डॉक्टरांना परस्पर सांगतात. काळजी खरी असते, पद्धत चुकीची. तपासणी कशासाठी आणि तिचा निष्कर्ष कुणाकडे जाणार, हे आधी बाबांनाच सांगायला हवे. त्यांना नकारही देता येतो. प्रमाणपत्राशिवाय नूतनीकरण मात्र होत नाही. नुसते वय म्हणजे आजार नव्हे. आरटीओने नूतनीकरण नाकारले किंवा परवाना रद्द केला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७ नुसार कारणे लेखी द्यावी लागतात. त्याविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते.

तपासणीला जाताना रोजचा चष्मा आणि चालू गोळ्यांची यादी न्यावी. झोप आणणारी गोळी असेल तर ती डॉक्टरांना आवर्जून दाखवावी.