गट टेस्ट: सॅम्पल एकच, मग रिपोर्ट वेगळे का?

इन्स्टाग्रामवर हल्ली ‘गट हेल्थ टेस्ट’च्या जाहिराती दिसतात. घरी किट येतं, शौचाचं सॅम्पल कुरिअरने पाठवायचं आणि पोटात कुठले बॅक्टेरिया किती टक्के, ते ॲपवर बघायचं. आकडे दशांशापर्यंत असतात, म्हणून पक्के वाटतात. पण तेच सॅम्पल दुसऱ्या लॅबला दिलं तर आकडे बदलू शकतात.

याची मुख्य कारणं चार.

१. प्रवास: मे महिन्यात डोंबिवलीहून निघालेल्या डबीत डीएनए टिकवणारं द्रावण नसेल, तर वाटेतच काही बॅक्टेरिया वाढतात.

२. डीएनए काढणं: काही बॅक्टेरियांची भिंत जाड असते. ती नीट फुटली नाही तर ते रिपोर्टमध्ये कमी दिसतात.

३. भेसळ: लॅबच्या केमिकल्समध्येही बॅक्टेरियांचा थोडा डीएनए असतो.

४. सॉफ्टवेअर: डेटाबेसचं व्हर्जन बदललं की उत्तरही बदलू शकतं.

सॉफ्टवेअरची गडबड किती महागात पडते बघा. ट्यूमर आणि रक्तातल्या सूक्ष्मजीवांच्या डीएनएवरून कॅन्सर ओळखता येतो, असा पेपर २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आला. इतरांनी तोच डेटा पुन्हा तपासला, तर माणसाचाच बराच डीएनए बॅक्टेरियांचा म्हणून मोजलेला निघाला. २०२४ मध्ये पेपर मागे घेतला गेला. डेटा इतरांच्या हाती होता, म्हणूनच हे कळलं.

यावर उपाय आहेत. प्रत्येक बॅचसोबत एक रिकामं सॅम्पल चालवायचं, म्हणजे भेसळ पकडता येते. ज्यातले बॅक्टेरिया आधीच माहीत आहेत असं मिश्रणही चालवायचं, म्हणजे मोजमाप किती चुकतं ते कळतं. संशोधकांनी पेपरमध्ये काय काय सांगायलाच हवं, याची ‘स्टॉर्म्स’ नावाची १७ मुद्द्यांची यादी २०२१ मध्ये आली.

आपल्यासाठी आणखी एक मुद्दा. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की भारतीयांच्या पोटात प्रेव्होटेला आणि मेगास्फेरा हे बॅक्टेरिया जास्त आढळतात. मग तुमची तुलना अमेरिकन ‘नॉर्मल’शी केली, तर निरोगी पोटालाही लाल शेरा मिळू शकतो.

म्हणून पैसे भरण्याआधी कंपनीला तीन प्रश्न विचारा: डबीत द्रावण आहे का? रिकामं सॅम्पल चालवता का? तुलना कोणाशी करता? उत्तर गोलमोल आलं, तर त्या रिपोर्टवरून जेवण बदलू नका आणि सप्लिमेंटही घेऊ नका. पोटाचा त्रास असेल तर सरळ डॉक्टरांकडे जा.