‘आर’ आणि हौशी संख्याशास्त्र

‘आर’ ही संख्याशास्त्रासाठी घडवलेली संगणकभाषा आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिचे काम हाती घेतले. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स व सहकाऱ्यांनी १९७६पासून विकसित केलेली ‘एस’ ही तिची पूर्वज. १९९५मध्ये आर मुक्त परवान्याखाली खुली झाली, २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची १.० आवृत्ती आली. ती फुकट असल्यामुळे घरच्या संगणकावर आकडेमोड करणाऱ्या हौशी माणसालाही प्राध्यापकाच्याच तोडीचे साधन मिळाले.

आर उघडली की कोरी खिडकी आणि आज्ञा लिहिण्याची खूण एवढेच दिसते. एखादा कंस राहिला, मोठ्या लिपीतल्या अक्षराऐवजी छोटे पडले, की काम अडते. या त्रासाचा बाऊ जरा जास्तच केला जातो. लिहिलेली आज्ञा फाइलमध्ये जपून ठेवता येते. महिन्याभराने तीच पुन्हा चालवून उत्तर कसे आले ते तपासता येते. माउसने इकडेतिकडे क्लिक करून काढलेल्या उत्तराचा असा माग राहत नाही.

सरावासाठी आरसोबतच कितीतरी माहितीसंच येतात. त्यांतला एक न्यूयॉर्कच्या हवेचा आहे: मे ते सप्टेंबर १९७३, एकूण १५३ दिवस. ओझोनची सरासरी मागितली तर आकड्याऐवजी ‘एनए’ अशी अक्षरे येतात, कारण ३७ दिवसांच्या नोंदीच नाहीत. रिकाम्या जागा वगळण्याची स्पष्ट सूचना दिली, की मगच ४२.१ हे उत्तर मिळते. ही अडवणूक मुद्दाम ठेवलेली आहे. नोंदी नेमक्या जास्त प्रदूषणाच्या दिवशीच राहून गेल्या असतील, तर उरलेल्या ११६ दिवसांची सरासरी हवा आहे त्याहून स्वच्छ दाखवील.

दुसरा संच यलोस्टोन उद्यानातील ‘ओल्ड फेथफुल’ या उष्ण पाण्याच्या कारंज्याचा. दोन उद्रेकांमधल्या प्रतीक्षेच्या २७२ नोंदींची सरासरी सुमारे ७१ मिनिटे येते. आयतालेख काढला की मात्र दोन उंचवटे दिसतात, एक ५५ मिनिटांच्या आसपास आणि दुसरा ८०च्या. सरासरी पडते ती दोहोंमधल्या खोलगट भागात. उद्रेक थोडा वेळ टिकला तर पुढची प्रतीक्षा छोटी, बराच वेळ टिकला तर लांब, असा त्यामागचा संबंध आहे आणि तो बिंदूंच्या आलेखात लगेच उमटतो.

सर्वांत शिकवणारा संच कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या १९७३च्या पदव्युत्तर प्रवेशांचा. सहा मोठ्या विभागांत मिळून २,६९१ पुरुषांपैकी १,१९८ जणांना, तर १,८३५ स्त्रियांपैकी ५५७ जणींना प्रवेश मिळाला. म्हणजे अनुक्रमे सुमारे ४५ आणि ३० टक्के. या एकत्रित तक्त्यावर, दोन गटांतला फरक तपासणारी काय-वर्ग चाचणी चालवली तर फरक निव्वळ योगायोगाचा नाही, असेच उत्तर येते, आणि नवशिका इथेच थांबतो. तक्ता विभागवार फोडला की चित्र पालटते. सहापैकी चार विभागांत स्त्रियांच्या प्रवेशाचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे; पहिल्या विभागात तर स्त्रिया ८२ टक्के आणि पुरुष ६२ टक्के. मात्र त्या सढळ विभागाकडे ८२५ पुरुषांनी अर्ज केले होते, स्त्रियांनी फक्त १०८. स्त्रियांचे बरेचसे अर्ज जिथे मुळातच थोड्यांना प्रवेश मिळतो अशा विभागांकडे गेले होते. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. चाचणीचे गणित कुठेही चुकलेले नसते. तिच्यापुढे ठेवलेला तक्ता अपुरा असतो.

चाचण्या चालवणे सोपे झाल्याने आणखी एक सापळा तयार झाला. योगायोगाने फसण्याची पाच टक्क्यांची पातळी धरली, तर प्रत्यक्षात काहीच संबंध नसतानाही दर वीस चाचण्यांत सरासरी एक ‘लक्षणीय’ ठरते. परस्परांपासून स्वतंत्र अशा वीस चाचण्यांत निदान एक तरी फसवे यश हाती लागण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. यावर उतारा म्हणून बॉनफेरोनी, होल्म अशा पद्धतींनी दुरुस्ती करणारे फंक्शन आरमध्ये तयार आहे. त्याला सगळ्या चाचण्यांचे निकाल द्यावे लागतात. मनासारखे आले नाहीत म्हणून बाजूला ठेवलेले निकाल त्याला कळत नाहीत.