मालाची खबर पाठवा, गोंगाट नको

भिवंडीचे गाळे, कल्याणची गोदामे आणि डोंबिवलीतील रंगाईचे कारखाने यांच्याशी ज्यांचा रोजचा व्यवहार आहे, त्यांना एक गोष्ट नव्याने सांगावयास नको. माल टेम्पोत भरून बिल्टी हातात दिली की काम संपले, हे दिवस गेले. आता मालाबरोबर मालाची खबरही पाठवावी लागते. मोठे खरेदीदार तयार कपड्याच्या प्रत्येक नगावर रेडिओ लहरींनी वाचली जाणारी चिठ्ठी, म्हणजे आरएफआयडी टॅग, लावून मागतात. कोणता नग केव्हा निघाला, ही नोंद टेम्पो पोचण्याआधी त्यांच्या संगणकावर हवी असते.

दोन वर्षांपूर्वी सणाच्या हंगामात आमच्या गाळ्यातून ४० खोकी निघाली. दर खोक्यात ५० नग, एकूण २,००० नग. टेम्पो वेळेवर पोचला, पण खबर पोचली नाही. गाळ्यात मोबाईलच्या सिमवरच काम चालत असे, रोजचा १ जीबी डेटा. माल निघण्याच्या वेळीच तो संपला होता. खरेदीदाराच्या दारात टेम्पो एक दिवस उभा राहिला. थांबण्याचे भाडे आणि बिलातील कपात आमच्या खात्यावर पडली. यंत्र विकणाऱ्याने सल्ला दिला, ‘‘शेठ, मोठा प्लॅन घ्या.’’

मोठा प्लॅन घेण्याआधी आम्ही हिशोब मांडला. खोकी सकाळपासून दाराजवळ रचून ठेवली होती आणि टॅग वाचणारे यंत्र चालूच होते. ते बिचारे तेच तेच टॅग पुन्हा पुन्हा वाचत होते, सेकंदाला सुमारे १०० वेळा. प्रत्येक वाचनाची नोंद कंपनीचे नाव, गाळ्याचा पत्ता, यंत्राचे नाव, तारीख, वेळ अशा लांबलचक मजकुरासह जात होती, सुमारे ३०० बाइट. बाइट म्हणजे एका इंग्रजी अक्षराची जागा समजा. सेकंदाला ३०,००० बाइट, तासाला १० कोटी ८० लाख, दहा तासांत १०८ कोटी. म्हणजेच १ जीबी खलास! आणि खरी खबर एवढीच होती, की ४० खोकी निघाली.

तारेचा धडा

अब्बांच्या पेढीवर तार लिहिताना दिवाणजी एकेक शब्द मोजत असत, कारण पैसे शब्दावर पडत. ‘गासड्या रवाना’ एवढ्यात काम भागे. शुभेच्छांच्या तारेत तर आणखी सोय होती. दिवाळी, ईद, लग्न अशा प्रसंगांची ठराविक वाक्ये तारखात्याने आधीच छापून ठेवली होती व प्रत्येकाला क्रमांक दिला होता. आपण फक्त क्रमांक लिहायचा. पलीकडच्या कचेरीत पूर्ण वाक्य लिहून घरी पोचविले जाई. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, पण तिचा कायदा आजही लागू आहे. जे दोघांना आधीच ठाऊक आहे ते पुन्हा पाठवू नये.

ई-वे बिलातही तेच आहे. मालाचा सारा तपशील पोर्टलवर असतो, ड्रायव्हरकडे ई-वे बिलाच्या प्रतीऐवजी त्याचा १२ आकडी क्रमांक पुरतो. टोलनाक्यावरचा फास्टॅगही आरएफआयडीच आहे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून तो सक्तीचा झाला. पडघ्याच्या नाक्यावर टॅग वाचला जातो, पण शिल्लक टॅगमध्ये नसते. टॅग फक्त ओळख सांगतो, हिशोब बँकेकडे. शिल्लक नसलेल्या किंवा बंद केलेल्या टॅगांची यादी नाक्यांना देण्याच्या पद्धतीतही एकदा संपूर्ण यादी व नंतर फक्त बदल, असा मार्ग ठेवला गेला.

काटकसरीचे मार्ग

पहिला मार्ग दारातच गाळणी लावण्याचा. एक टॅग दारातून गेला की एकच नोंद, बाकीची वाचने यंत्राजवळच्या छोट्या संगणकाने गाळून टाकावीत. टॅगमधील ओळख बहुधा ९६ बिटांची, म्हणजे १२ बाइटची असते. २,००० नगांचे झाले २४,००० बाइट.

दुसरा, नगाऐवजी खोके. कोणत्या खोक्यात कोणते नग आहेत, ही यादी आदल्या रात्री एकदाच पाठवावी. निघताना ४० खोक्यांचे क्रमांक पुरे, ते ४८० बाइटमध्ये बसतात. कुठे १०८ कोटी आणि कुठे ४८०!

तिसरा मार्ग तपमान, ओल, सांडपाणी अशा गोष्टी मोजणाऱ्या सेन्सरसाठी. यंत्र क्षणोक्षणी मोजते, म्हणून क्षणोक्षणी पाठविलेच पाहिजे असे नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना व सामायिक सांडपाणी केंद्रांना सतत मोजणारी यंत्रे लावण्याचा आदेश दिला. डोंबिवलीच्या रंगाईवाल्यांना हा विषय परिचित आहे. अशा ठिकाणी ठराविक मुदतीची सरासरी पाठविता येते. आपल्या गोदामापुरते बोलायचे तर ओल ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली तरच लगेच कळवावे.

चौथा, लिफाफा हलका करावा. दर नोंदीस वेगळा लिफाफा न करता पाच मिनिटांच्या नोंदी एकत्र बांधून, दाबून पाठवाव्यात. सारखा मजकूर दाबला की फार लहान होतो. १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी एमक्यूटीटी नावाची पद्धत तयार झाली. तिथे उपग्रहाचा वेळ महाग होता. तिच्या निरोपाचे ठराविक शीर्ष अवघ्या २ बाइटपासून सुरू होते. आपल्या गाळ्यालाही ती चालते.

पाचवा, मागेल त्याला मागेल तेवढेच. बारकोडचे नियम ठरविणाऱ्या जीएस१ संस्थेची ईपीसीआयएस ही पद्धत कोणता माल, केव्हा, कुठे, कशासाठी या चार प्रश्नांवर उभी आहे. २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीत सेन्सरच्या नोंदींचीही सोय झाली. खरेदीदार आपल्याला हव्या त्या नोंदी मागवू शकतो, सारी वही धाडावी लागत नाही.

काटकसर कुठे थांबवावी

काटकसर आणि कंजुषी यांत फरक आहे. खोक्याचा क्रमांक गेला म्हणजे आत ५० नग आहेतच, असे सिद्ध होत नाही. एक नग कमी भरला तर वाद उभा राहणारच. म्हणून गाळलेली सविस्तर वही गाळ्यातील संगणकात राहू द्यावी. निदान पूर्ण पैसे हातात येईपर्यंत ती पुसू नये. मालाच्या हिशोबात तीच आपली साक्ष आहे.

दुसरा धोका शांततेचा. यंत्र काही पाठवत नाही, याचा अर्थ सारे ठीक आहे की यंत्रच बंद पडले आहे? यासाठी ‘मी चालू आहे’ असा छोटा निरोप ठराविक वेळाने यावा. प्रत्येक निरोपाला अनुक्रमांकही असावा, म्हणजे मधला एखादा गळाला तर कळेल. नेटवर्क गेले तर नोंदी साठवून ठेवून आल्यावर पाठविणारे यंत्र हवे.

तेव्हा व्यापारी बंधूंनी यंत्र घेताना भावाआधी पाच गोष्टी विचाराव्यात. एकच टॅग पुन्हा वाचला तर किती नोंदी जातात? खोक्याच्या क्रमांकावर काम होते काय? एका नोंदीस किती बाइट लागतात? नेटवर्क गेल्यास नोंदी कुठे राहतात? आणि संपूर्ण वही आमच्या ताब्यात राहते की तुमच्या? आम्ही हे विचारले नव्हते. आता त्याच सिमवर, त्याच प्लॅनमध्ये काम निभते, आणि टेम्पो दारात पोचण्याआधी खबर पोचलेली असते.